'सामंत' म्हणजे मांडलिक राजा की शेजारी? हा अर्थ फिरला कसा?

शब्दवेडी:

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय, इथे इतिहास आणि संस्कृत दोन्हीची जाणकार माणसं आहेत म्हणून विचारते.

सामंत म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, मोठ्या राजाच्या हाताखालचा छोटा राजा, खंडणी देणारा आणि बोलावणं आलं की फौज घेऊन हजर होणारा. शाळेच्या इतिहासात पण तेच होतं. आता मी सध्या मनुस्मृतीचा आठवा अध्याय वाचतेय, त्यात दोन गावांच्या शिवेच्या भांडणाचा भाग आहे. तिथे म्हटलंय की साक्षीदार नसतील तर सामंत गावच्या लोकांनी राजासमोर शीव ठरवावी, आणि भाषांतरात सामंत म्हणजे आजूबाजूची चार गावं असं दिलंय. म्हणजे राजे नाहीत, सरदार नाहीत, साधे गावकरी! त्यानंतर तर असं आहे की तेही मिळाले नाहीत तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळं खणणारे, साप पकडणारे अशा रानात फिरणाऱ्या लोकांना विचारावं (हा भाग मला फार आवडला, शिवेची खरी माहिती त्यांनाच असणार ना).

तर प्रश्न असा की शेजारच्या गावच्या माणसाला वापरला जाणारा शब्द मांडलिक राजाला कसा काय चिकटला? की हे दोन वेगळेच शब्द आहेत? एका ठिकाणी असंही वाचलं की साम-दाम-दंड-भेद मधल्या 'साम'पासून सामंत आलाय, म्हणजे समेट करून राहिलेला राजा. ते पटत नाही पण खोडता पण येत नाहीये. आणि सावंत आडनाव यातूनच आलंय का? कोणी नीट उलगडून सांगेल का?

तद्धित:

शब्द एकच आहे. सम् + अन्त = समन्त. अन्त म्हणजे शेवट हा अर्थ आपल्याला माहीत असतो पण त्याचा कड, हद्द हाही जुना अर्थ आहे. ज्यांच्या कडा एकमेकींना भिडल्यात ते समन्त. 'समन्तात्' म्हणजे चहूबाजूंनी हे संस्कृत वाचणाऱ्यांना ओळखीचं असेल. आता त्याला तद्धित प्रत्यय (नामापासून नवा शब्द करणारा) लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ चा आ, इ चा ऐ असा तो वाढतो, शिव पासून शैव, पृथा पासून पार्थ, तसं समन्त पासून सामन्त, म्हणजे हद्दीला लागून असणारा. आपल्या शेतकी भाषेत बांधाला बांध लागलेला.

सामनीतीवाली व्युत्पत्ती सोडून द्या. साम + अन्त असा संधी केला तर रूप सामान्त होईल, दुसऱ्या अक्षरातला आ दीर्घ. शब्द सामन्त आहे, सामान्त नाही. एका मात्रेचा फरक आहे पण तेवढाच पुरेसा आहे.

ताम्रपट:

वर तद्धित यांनी मूळ सांगितलंच आहे, मी अर्थ कसा सरकत गेला ते सांगतो, जरा लांबेल पण हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

सगळ्यात सुंदर पुरावा अशोकाचा आहे. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं लिहिलंय, आपल्या राज्यात, दक्षिणेत चोळ-पांड्यांकडे, यवन म्हणजे ग्रीक राजा अंतियोकाकडे आणि त्या अंतियोकाच्या शेजारच्या राजांकडे सुद्धा. हा एकच मजकूर वेगवेगळ्या ठिकाणी कोरलाय ना, तर डेहराडूनजवळच्या कालसीच्या खडकावर शब्द आहे 'सामंता', आणि गिरनारच्या खडकावर नेमक्या त्याच जागी आहे 'सामीपं'. म्हणजे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सामंत आणि समीप हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द होते. हे शेजारी राजे कोणाचे मांडलिक वगैरे अजिबात नव्हते, स्वतंत्र होते.

कौटिल्याकडे या. अर्थशास्त्रात हा शब्द दोन्ही पातळ्यांवर येतो. घर-जमीन विकायची असेल तर आधी भाऊबंद, मग सामंत, मग सावकार अशा क्रमाने घ्यायचा हक्क आहे. इथला सामंत म्हणजे सरळसरळ शेजारचा जमीनवाला. आणि राजनीतीच्या चर्चेत तोच शब्द आपल्या हद्दीला लागून असलेल्या राजाला लागतो. शब्दवेडी, तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर इथेच आहे. गावाच्या पातळीवर बांधाचा शेजारी, राज्याच्या पातळीवर सीमेचा शेजारी. गावकऱ्याचा शब्द राजाला चिकटला असं झालंच नाही, तो पहिल्यापासून दोघांचाही होता.

आता पुढचा भाग. कौटिल्याच्या मंडल-विचारात हद्दीला लागून असलेला राजा हा जवळजवळ आपोआप शत्रू, कारण जमिनीवरून भांडण त्याच्याशीच होणार. मग त्याला जिंकायचं. पण जिंकल्यावर काय करायचं? आपल्याकडे हरवलेल्या राजाला बहुतेक वेळा गादीवरून काढत नसत. समुद्रगुप्ताचा प्रयागचा स्तंभलेख बघा, दक्षिणेतल्या राजांना पकडलं आणि सोडून दिलं, अनुग्रह केला असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि समतट, डवाक, कामरूप, नेपाळ, कर्तृपूर इथल्या राजांबद्दल लिहिलंय की ते सगळे कर देतात, आज्ञा पाळतात आणि नमस्काराला येतात. काम अगदी मांडलिकाचं, पण त्यांना शब्द काय वापरलाय तर 'प्रत्यंत नृपती'. परत तोच अन्त! सीमेवरचे राजे. म्हणजे चौथ्या शतकात माणूस मांडलिक झालेला होता पण त्याचं नाव अजून सीमेचंच होतं.

अमरकोशात ही पायरी एका ओळीत पकडलीये, "राजा तु प्रणताशेषसामन्तः स्यादधीश्वरः". ज्याच्यापुढे सगळे सामंत वाकलेत तो अधीश्वर. इथे सामंत म्हणजे शेजारी राजे असंही वाचता येतं आणि मांडलिक असंही. मला वाटतं अर्थ नेमका इथेच सरकलाय, कारण वाकलेला शेजारी रोज दरबारात दिसायला लागला की शेजारी या शब्दातच वाकणं मुरतं. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रघु कुबेरावर स्वारी करायला निघतो तेव्हा कालिदास म्हणतो की त्याने कैलासनाथाला एक सामंत समजूनच जिंकायचं ठरवलं. त्यात कुबेराला कमी लेखण्याची छटा आहे, ती शब्दात आली कुठून याचा विचार करा.

सहाव्या शतकात मात्र शंकाच उरत नाही. मंदसोरच्या यशोधर्माच्या लेखात ब्रह्मपुत्रेपासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सामंत त्याच्या पायाशी वाकतात आणि त्यांच्या मुकुटातल्या रत्नांचे किरण जमिनीवर पडतात असं वर्णन आहे. बिहारमधल्या बराबर-नागार्जुनी लेण्यांत अनंतवर्मा मौखरी आपल्या बापाला 'सामंतचूडामणी' म्हणतो, म्हणजे ती आता मिरवायची पदवी झाली. आणि सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात तर सामंतांचे प्रकारच आहेत, महासामंत, आप्तसामंत, प्रधानसामंत, शत्रुमहासामंत, प्रतिसामंत. हरलेले राजे हर्षाच्या छावणीत चवऱ्या ढाळतायत, काठी घेऊन दारावर उभे आहेत, ही दृश्यं बाणाने रंगवून सांगितलीयेत. हर्षाच्याच ६२८ च्या बांसखेडा ताम्रपटात दूतक (दानाचा हुकूम पोचवणारा अधिकारी) म्हणून महासामंत स्कंदगुप्त येतो, म्हणजे दरबारातल्या अधिकाऱ्याला पण ही पदवी मिळत होती आणि त्याला कुठली सीमा असायची पण गरज राहिली नव्हती.

शब्दवेडी:

ताम्रपट, कालसी आणि गिरनारचं वाचून अंगावर काटा आला! एकच आज्ञा, दोन खडक आणि दोन शब्द, याच्यापेक्षा स्वच्छ शब्दकोश कुठला असणार. मनापासून आभार.

आता हे सगळं उत्तरेतलं झालं, आपल्या महाराष्ट्रात हा शब्द कधी आणि कसा दिसतो? आणि सावंतचं राहिलंच.

तेरणाकाठ:

महाराष्ट्राचं मी सांगते, कारण इथे सामंत हा शब्द नुसता पुस्तकी नाहीये, इथल्या राजघराण्यांच्या चढ-उताराचं मोजमाप आहे.

राष्ट्रकूट दंतिदुर्ग घ्या. बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक. ७४२ च्या सुमाराच्या वेरूळच्या ताम्रपटात त्याच्यामागे महासामंताधिपती ही पदवी आहे. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडच्या ताम्रपटात, शके ६७५ म्हणजे ७५३-५४ मधे, तोच माणूस महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक झालाय. मधल्या काळात चालुक्य कीर्तिवर्म्याला हरवलेलं. दोन ताम्रपट शेजारी ठेवले की लढाईचं वर्णन न वाचता सुद्धा काय घडलं ते कळतं, नुसत्या पदव्या वाचून!

मग त्याच राष्ट्रकूटांचे सामंत म्हणून कोकणात शिलाहार येतात. कान्हेरीच्या लेण्यांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले लेख आहेत त्यात पुल्लशक्ती, कपर्दी हे शिलाहार त्याचे सामंत म्हणून येतात. शिलाहारांच्या पुढच्या लेखांत पदव्यांची माळच असते, समधिगतपंचमहाशब्द, महासामंताधिपती, महामंडलेश्वर, तगरपुरपरमेश्वर. तगर म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य ठाण्याला नाहीतर कोल्हापूरला आणि अभिमान तेरचा, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पंचमहाशब्द म्हणजे काय यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे पाच वाद्यं वाजवून घ्यायचा मान, शिंग, तंमट, शंख, भेरी आणि जयघंटा. दुसरं म्हणजे 'महा'ने सुरू होणाऱ्या पाच पदव्या. मला दक्षिणेपुरतं वाद्यांचं मत जास्त पटतं, कारण कन्नड परंपरेत वाद्यांची नावं मोजून दिलीयेत. मुद्दा असा की हा मान वरच्या राजाने द्यायचा असतो, म्हणून लेखात 'समधिगत' म्हणजे मिळवलेला असं लिहितात. सामंताचं मोठेपण आणि त्याचं दुय्यमपण एकाच शब्दात.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ९७३ मधे चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य संपवलं. त्यानंतर ९९७ मधे शिलाहार अपराजिताने दिलेला भादाणचा ताम्रपट आहे, भिवंडीकडचा. त्यात तो आपल्या वंशाबरोबर राष्ट्रकूटांचीही वंशावळ देतो आणि ते राज्य गेल्याचा उल्लेख हळहळून करतो. धनी उरलेला नाही, भीती नाही, फायदा नाही, तरी त्याचं नाव घेतोय. सामंत म्हणजे नेहमी टपून बसलेला, संधी मिळाली की उलटणारा असंच आपण समजतो, दंतिदुर्ग तसा होताही, पण अपराजिताचा ताम्रपट पण त्याच शब्दाच्या पोटात आहे.

बाराव्या शतकाच्या आसपास तर याची उतरंडच ठरून गेली होती. अपराजितपृच्छा या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात लघुसामंताकडे ५,०००, सामंताकडे १०,०००, महासामंताकडे २०,००० आणि मांडलिकाकडे ५०,००० गावं असा हिशेब दिलाय. ग्रंथातले आकडे आहेत, प्रत्यक्षात कोणी मोजून वाटली नसणार, पण बघा की मांडलिक हा सामंताच्या वरचा आहे. आपण आज दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो.

सह्यकडा:

उत्तम चर्चा. मला फक्त एक खटकतं ते म्हणजे सामंत म्हणजे युरोपातला व्हॅसल (धन्याला शपथेने बांधलेला सरदार) असं समीकरण करणं. शब्दांचा प्रवास बघितला तर दोघं विरुद्ध दिशेने आलेत.

व्हॅसल हा मुळात गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतला, अर्थ पोरगा, नोकर. वेल्श भाषेत आजही 'ग्वास' म्हणजे नोकर पोऱ्या. तो लॅटिनमधे 'वासुस' झाला तेव्हा जुन्या जर्मानिक कायद्यांत त्याचा अर्थ घरातला बांधील चाकर असा होता. मग तोच शब्द राजाच्या हत्यारबंद माणसांना लागला, चढत चढत इतका वर गेला की ७५७ मधे बव्हेरियाचा ड्यूक तासिलो फ्रँक राजा पिपिनपुढे व्हॅसल झाल्याची नोंद फ्रँक राजांच्या बखरीत आहे. (सामानगडच्या ताम्रपटाचं वर्ष बघा, जवळजवळ तोच काळ.) त्याच मुळातून फ्रेंचमधे व्हॅलेट आला, तो चाकरच राहिला. म्हणजे तिकडे चाकराचा शब्द वर चढून ड्यूकपर्यंत पोचला आणि आपल्याकडे स्वतंत्र शेजारी राजाचा शब्द खाली उतरून मांडलिकापर्यंत आला.

मला हे महत्त्वाचं वाटतं कारण त्यात दोन्हीकडच्या व्यवस्थेचा स्वभाव दिसतो. तिकडे नातं माणसाचं माणसाशी, हात जोडून शपथ घेऊन बांधलेलं. आपल्याकडे सुरुवात जमिनीच्या कडेपासून, दोन राज्यं एकमेकांना भिडली त्यातून. म्हणूनच कोसंबी, रामशरण शर्मा या इतिहासकारांनी भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली आणि १९७९ मधे हरबंस मुखियांनी भारतात फ्यूडॅलिझम होता का असा प्रश्न उघड विचारला तेव्हा त्या वादात एवढी जान आली. हिंदीवाले फ्यूडॅलिझमला सामंतवाद म्हणतात, आपण मराठीत सरंजामशाही म्हणतो. सरंजाम हा फारसी शब्द, मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल. मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो कारण त्यात निदान व्यवस्था काय होती ते तरी कळतं.

तेरणाकाठ:

@सह्यकडा, विरुद्ध दिशेचा मुद्दा एकदम मान्य, पण आपल्याकडे माणसाचं माणसाशी नातं नव्हतं हे नाही पटलं. हर्षचरितातले चवऱ्या ढाळणारे राजे, नमस्काराला येणं, भादाणचा तो हळहळणारा अपराजित, हे सगळं वैयक्तिक निष्ठेचंच आहे की. सुरुवात जमिनीपासून झाली हे खरं, पण दहाव्या शतकापर्यंत ते नातं पार बदललेलं होतं.

तद्धित:

सावंतबद्दल. हो, सामंतचंच प्राकृत रूप, आणि यात ओढाताण काहीच नाही. दोन स्वरांच्या मधला एकटा म मराठीत येताना व होतो. ग्राम – गाव, नाम – नाव, आमलक – आवळा, श्यामल – सावळा, जामातृ – जावई, कुमार – कुवर. बाणाच्या सामंतांच्या हातातलं चामर सुद्धा आपल्याकडे चवरी झालं. जिथे जोडाक्षरामुळे प्राकृतात म दुहेरी झाला तिथे तो टिकला, कर्म – कम्म – काम, चर्म – चम्म – चाम. सामन्त मधला म एकटा आहे म्हणून सावंत. जुन्या शुद्धलेखनात गांव, नांव, जांवई असं अनुस्वार देऊन लिहायचे तो त्या गेलेल्या म चाच नाकातला अंश.

म्हणजे सामंत आणि सावंत ही एकाच शब्दाची दोन रूपं, एक लोकांच्या तोंडून घासून आलेलं, दुसरं संस्कृतातून तसंच उचललेलं. दोन्ही आडनावं कोकणात आहेत, सावंतवाडीच्या संस्थानिकांचं सावंत-भोसले तर सगळ्यांना माहीत आहे. पण आडनाव सारखं म्हणून घराणं एक असं कोणी धरू नये, पदवीवरून आलेली आडनावं वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे लागतात.

आणि अष्टप्रधानांतला सुमंत यात ओढू नका, तो डबीर, परराष्ट्राचं काम बघणारा. उच्चार जवळचा आहे एवढंच.

शब्दवेडी:

तद्धित, चामर – चवरी वाचून फार आनंद झाला. एक शेवटचं विचारते, मग मांडलिक हा अर्थ आल्यावर शेजारी हा जुना अर्थ मरून गेला का? म्हणजे एखाद्या काळानंतर तो दिसतच नाही असं काही आहे का?

ताम्रपट:

नाही मेला, आणि तो जिथे टिकला ती जागाच मोठी बोलकी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत शेताच्या शिवेचा वाद सोडवायला सामंत आणि गावातले वृद्ध बोलवा असं आहे. त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात. आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. म्हणजे महासामंत, महामंडलेश्वर यांची जिथे रोज ये-जा होती, ज्यांच्या पदव्यांनी त्या काळातले शिलालेख भरलेत, त्याच गावात बसून हा माणूस सामंत शब्दाचा अर्थ सांगतो तो भोवताली राहणारे, चारी दिशांना लागून असलेल्या गावचे लोक. त्याला दुसरा अर्थ माहीत नसणं शक्यच नाही. पण कायद्याच्या ग्रंथात त्याला शिवेवरचा माणूस हवा होता आणि त्या कामाला जुनाच अर्थ लागत होता.

मिताक्षरा पुढे वारसाहक्कासाठी इंग्रज काळातल्या कोर्टांत पण चालली, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दायभागाच्या प्रकरणाकडे जातं. तुम्ही मनुस्मृतीचा आठवा अध्याय वाचताच आहात तर त्याला जोडून मिताक्षरेतलं सीमाविवादाचं प्रकरण वाचा. सामंत कोणते आधी विचारायचे, त्यांच्यात एकमत नसेल तर त्यांच्याही पलीकडच्या गावचे कसे बोलवायचे, हे सगळं तिथे पायरीपायरीने येतं.